झोकदार रेषेचे गणित आणि कोल्हापूरचे पेंटर

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत छपाईवाल्याकडे डिझाइन घेऊन गेलात, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फाइल कर्व्ह करून आणलीय ना?’ कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू ही बटणे एकत्र दाबली, की टाइप केलेल्या अक्षरांचा फॉन्टशी संबंध तुटतो आणि उरतात त्या नुसत्या कडांच्या वक्ररेषा. समोरच्या संगणकात तो फॉन्ट असो वा नसो, अक्षर बदलत नाही. सोय म्हणून रोज केली जाणारी ही गोष्ट. पण ती झाल्यावर शेप टूल घेऊन एखाद्या अक्षरावर टिचकी मारून पाहावी. कडेवर बारीक ठिपके उमटतात. त्यांना नोड म्हणतात. नीट घडवलेल्या ‘व’च्या पोटाच्या बाहेरच्या कडेवर असे चार-पाच नोड असतात. जुन्या पोस्टरचा फोटो काढून ‘ट्रेस’च्या आज्ञेने उचललेल्या ‘व’वर ते साठ-सत्तर सापडतात. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही ‘व’ सारखेच दिसतात. तोच दहा फुटी बोर्ड होऊन दुकानावर चढला, की पहिल्याची कड सलग राहते आणि दुसऱ्याची जागोजागी अडखळते.

सध्या रेट्रो शैलीला मोठी मागणी आहे. मिसळीची दुकाने, चहाचे ठेले, गणेश मंडळांचे टी-शर्ट, लग्नपत्रिका, सगळीकडे साठ-सत्तरच्या दशकांतली गुबगुबीत अक्षरे, लांब ओढलेल्या वेलांट्या आणि तीन-चार रंगांचे वळत गेलेले पट्टे हवे असतात. रंग जुने मिळतात, कागदाचा पिवळटपणाही मिळतो. रेषा मात्र आजचीच राहते, ताठरलेली. माझे म्हणणे असे, की त्या रेषेचा नुसता आकार उचलून चालत नाही. ती ज्या हालचालीतून आणि ज्या हत्यारातून आली, ते समजून घेतले तरच ती पुन्हा काढता येते. हे समजून घ्यायला कोल्हापूरइतकी चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), हे कारागिरांच्या घरातले. लाकूड, धातू, रंग, यंत्र यांची ओळख त्यांना शाळेत नव्हे, घरात झाली. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्या चित्रपटांची पोस्टरेही ते स्वतः काढीत. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी इतर भागीदारांसह १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. प्रभातचे बोधचिन्ह मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीच्या अंगाचा बाक आणि तुतारीची कमान यांतून नजर कुठेही न अडता वर जाते. त्याच परंपरेतले जी. कांबळे (१९१८–२००२). ‘मुघल-ए-आझम’चे प्रचंड बॅनर त्यांनी रंगवले, आणि त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. या शहरात ‘पेंटर’ हे आडनावासारखे लागते, यातच सगळे आले.

या सगळ्यांत समान धागा आहे तो मापाचा. नाटकाचा पडदा, थिएटरवरचा बॅनर, तालमीच्या भिंतीवरचा फलक ही सगळी माणसाच्या उंचीपेक्षा मोठी कामे आहेत. छोट्या चित्रावर आखलेले चौकोन मोठ्या पृष्ठभागावर उतरवून आकृती वाढवायची, ही त्यांची नेहमीची रीत. पण चौकोनांमुळे फक्त जागा कळतात. त्या जागांमधून जाणारी रेषा हातालाच काढावी लागते, आणि ती कोणत्या सांध्यातून निघते यावर तिचा गोडवा ठरतो. मनगट स्थिर ठेवून बोटांनी काढलेला वक्र दोन-तीन इंचांचा असतो. मनगटातून फिरवला तर तळहाताएवढा. कोपरातून फिरवला तर फूटभराचा. खांद्यातून हात फिरला, तर चार-पाच फुटांची कमान एका दमात निघते, कारण तेव्हा अख्खा हात एकाच केंद्राभोवती फिरत असतो. मनगटाने तुकड्यातुकड्यांत काढलेल्या कमानीत प्रत्येक सांध्यावर एक बारीक कोपरा राहतो. तो वेगळा दिसत नाही, पण रेषा ‘बसली’ नाही, असे पाहणाऱ्याला जाणवते.

दुसरी गोष्ट वेगाची. निरोगी माणसाचा हातही सतत थरथरत असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. अर्ध्या सेकंदात ओढलेल्या रेषेत अशी चार-सहा कंपने मावतात, आणि वेगामुळे ती इतकी ताणली जातात की दिसत नाहीत. तीच रेषा जपून, पाच सेकंद लावून काढली, तर तिच्यात चाळीस ते साठ कंपने उतरतात. काळजीपूर्वक काढलेली रेषा वाकडी येते, यामागे हे साधे शरीरशास्त्र आहे. म्हणून जाणता पेंटर रंग लावण्यापूर्वी ब्रश न टेकवता हवेतल्या हवेत हात दोन-तीनदा फिरवून घेतो, नजर रेषेच्या शेवटावर ठेवतो आणि मग ओढतो.

तिसरी गोष्ट ब्रशाची, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारी. बोर्ड रंगवणाऱ्यांचा ब्रश लांब केसांचा असतो. हात पुढे जातो, केस मागून ओढले जातात, आणि रंग पडतो तो हाताच्या जागी नाही, केसांच्या टोकाच्या जागी. हाताने मध्येच बारीक गचका खाल्ला तरी लांब केस तो गचका टोकापर्यंत पोचू देत नाहीत, वाटेतच जिरवतात. शिवाय ऑइलपेंट सुकायला वेळ घेतो, तोवर तो पसरतो आणि ब्रशाच्या खुणा स्वतःच सपाट करतो. हाताखाली टेकवलेली काठी मनगटाचा भार घेते. शरीर, ब्रश, रंग आणि काठी, सगळी मिळून हाताच्या चुका गाळत असतात. आज टॅबलेटवर चित्र काढण्याच्या ॲपमध्ये ‘स्टॅबिलायझर’ किंवा ‘स्ट्रीमलाइन’ नावाची सोय असते. पेनाच्या टोकापासून थोडे मागे राहून रेषा उमटवायची, हे तिचे तत्त्व लांब केसांच्या ब्रशाचेच आहे.

छपाईनेही या रेषेला मदत केली. लाकडी ठशात किंवा धातूच्या खिळ्यात वक्र आकार कोरावा लागतो. कोरताना धातू आणि लाकडाचे रेशे आडवे येतात. जर्मनीत १७९६ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने शोधलेल्या शिळाछापात कोरायचे काहीच नसते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गुणावर छपाई होते. म्हणजे हाताने जशी रेषा ओढली तशीच ती हजारो कागदांवर उतरते. राजा रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला. १८९५ च्या पहिल्या दिवशी पॅरिसच्या भिंतींवर आल्फोन्स मुखाचे ‘जिस्मोंदा’ नाटकाचे पोस्टर झळकले आणि वेलींसारख्या सळसळत्या केसांची, वळशांची ती शैली युरोपभर गेली. दोन्हींच्या मागे दगड एकच होता.

रेट्रो म्हणून आपण जे ओळखतो, त्यातले बरेचसे त्या काळीही जुनेच होते, हे इथे सांगायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६६ मध्ये वेस विल्सनने संगीत मैफलींच्या पोस्टरांवर जी वितळून फुगलेली अक्षरे काढली, ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून घेतली होती. सत्तरच्या दशकाची खूण मानला जाणारा ‘कूपर ब्लॅक’ हा गुबगुबीत टाइप ओझवल्ड कूपरने १९२२ मध्ये बाजारात आणला होता. तेव्हाचे डिझाइनरही आजच्यासारखेच मागे वळून पाहत होते. फरक एवढाच, की ते मागचे पाहून हाताने पुन्हा काढत होते.

आता संगणकाच्या रेषेकडे येऊ. तिचा उगम चित्रकलेत नाही, जहाजबांधणीत आणि मोटारींच्या कारखान्यांत आहे. जहाजाच्या तळाचा वक्र काढायला कारागीर लाकडाची लांब, लवचीक पट्टी वापरत. हव्या त्या बिंदूंवर शिशाची वजने ठेवून ती पट्टी अडवायची, बाकीचा आकार पट्टी स्वतः घेते. वाकवलेल्या पट्टीला कमीत कमी ताण सोसायचा असतो, त्यामुळे ती कुठेही एकाएकी वळत नाही. हेच काम मोटारींच्या पत्र्यासाठी गणिताने करायचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये रीत बसवली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए त्याच वाटेने स्वतंत्रपणे गेले, त्यांनी ती प्रसिद्ध केली, आणि वक्राला नाव त्यांचे मिळाले. ॲडोबीने १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणला, १९८९ मध्ये कोरलड्रॉ आला, आणि मोटारीच्या बॉनेटचे गणित प्रत्येक डीटीपीवाल्याच्या टेबलावर आले.

हे गणित आलेखाच्या कागदावर पाच मिनिटांत समजते. चार बिंदू घ्या. पहिला आणि चौथा ही रेषेची टोके. दुसरा आणि तिसरा रेषेवर नसतात, ते तिला आपल्याकडे ओढतात. त्यांनाच आपण हँडल म्हणतो. चारही बिंदू क्रमाने जोडा, तीन रेषा मिळतील. तिन्हींचे मध्य काढा आणि ते जोडा, दोन रेषा मिळतील. त्या दोघींचे मध्य काढून जोडा, एक रेषा मिळेल. तिचा मध्य हा वक्रावरचा बिंदू. मध्याऐवजी तिसऱ्या हिश्श्यावर, चौथ्या हिश्श्यावर हेच केले की वक्रावरचे बाकीचे बिंदू सापडत जातात. द कास्तेल्जो यांची रीत ती हीच. तिच्यातून दोन गोष्टी कळतात. टोकाशी रेषा हँडलच्या दिशेनेच निघते. आणि हँडल जेवढे लांब, तेवढी ती त्या दिशेला अधिक काळ धरून राहते.

एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर्तुळाचा पाव भाग काढायचा तर प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२ पट ठेवावी लागते. तसा काढलेला वक्र खऱ्या वर्तुळापासून ०.०३ टक्क्यांइतकाही ढळत नाही. हेच हँडल ०.६९ पर्यंत लांबवले, तर वर्तुळ आणि चौकोन यांच्या मधला, खांदे भरलेला आकार मिळतो. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी १९५९ मध्ये स्टॉकहोममधल्या एका चौकासाठी सुचवलेला ‘सुपरएलिप्स’ जवळपास असाच आहे. जुन्या टीव्हीचा पडदा आणि साठ-सत्तरच्या दशकांतली बोधचिन्हे डोळ्यांसमोर आणा. तो काळ या खांद्यांतच आहे.

मग अडचण कुठे येते? दोन वक्र जोडताना. नोडच्या दोन्ही बाजूंची हँडले एका सरळ रेषेत असली, की प्रोग्राम त्याला ‘स्मूथ’ म्हणतो. कोपरा दिसत नाही हे खरे, पण तेवढे पुरत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाटातून गाडी नेणारा ड्रायव्हर वळण आले म्हणून स्टिअरिंग एका झटक्यात फिरवत नाही. वळणाच्या आधीपासून हळूहळू फिरवतो आणि वळणाच्या पुढे हळूहळू सोडतो. सरळ रस्त्याला थेट वर्तुळाचा तुकडा जोडला, तर रस्त्यात कोपरा नसूनही प्रवाशाला हिसका बसेल. रेल्वेचे आणि रस्त्याचे अभियंते म्हणून सरळ आणि गोल यांच्यामध्ये संक्रमण-वक्र घालतात. डोळ्यालाही असाच हिसका बसतो. दिशा सलग असूनही वक्रता एकाएकी बदलली, की रेषेवर एक ‘गाठ’ जाणवते. ती मोडायची तर नोडच्या दोन्ही बाजूंच्या हँडलांची लांबी जमवावी लागते, किंवा तो नोडच काढून टाकावा लागतो. बहुतेक वेळा काढून टाकणेच बरे. नोड कमी केले की बदल आपोआप लांब अंतरावर विभागला जातो. वजने कमी ठेवली की लाकडी पट्टी जशी मोकळी वाकते, तेच इथे घडते.

नोड ठेवायचे कुठे, याचा अक्षरकारांचा नियम सोपा आहे : आकार जिथे सर्वांत डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली पोचतो तिथे, आणि तिथली हँडले आडवी किंवा उभीच. एसच्या आकाराच्या वळशात आणखी एक जागा येते, जिथे वक्राची कूस बदलते. ‘इ’, ‘ह’, ‘द’, ‘ळ’ या अक्षरांत ही जागा हमखास असते. तिथे रेषा क्षणभर सरळ असते. त्या क्षणाला पुरेशी लांबी दिली नाही, तर वळसा आवळल्यासारखा दिसतो. जास्त दिली, तर त्याचा पीळ निघून जातो. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७५३ च्या आपल्या पुस्तकात अशा सात रेषा शेजारी शेजारी छापल्या आहेत, जवळजवळ सरळ ते फार फुगलेली. सुंदर म्हणून त्याने निवडली ती बरोबर मधली, चौथी.

इथे एक भेद करावा लागेल, आणि रेट्रो काम बिघडते ते बहुतेक वेळा हा भेद न केल्यामुळे. त्या काळातल्या रेषांच्या दोन जाती आहेत. एक ब्रशाची, जिच्यात वक्रता सतत बदलत जाते. दुसरी कंपासाची. रंगीत पट्टे, गोलाकार बोधचिन्हे, रेकॉर्डच्या कव्हरांवरची इंद्रधनुष्ये ही कंपास, रूलिंग पेन आणि पुढे रॉट्रिंगच्या पेनांनी आखलेली आहेत. त्यांत सरळ रेषेला थेट वर्तुळाचा तुकडा जोडलेलाच असतो, आणि मघाशी सांगितलेला तो हिसकाच त्यांची ओळख आहे. पट्ट्यांना ब्रशाचा वळसा दिला तर ते लेचेपेचे दिसतात. अक्षरांना कंपास लावला तर ती नळ वाकवून केल्यासारखी होतात. हाती काम आले की आधी ठरवावे, ही रेषा कुठल्या हत्याराची.

पट्ट्यांची एक तांत्रिक बाब बरेच जण चुकवतात. एक वक्र काढून त्याच्या प्रती लहान-मोठ्या करत शेजारी ठेवल्या, तर पट्ट्यांची रुंदी वळणावर कमी-जास्त होते. सगळ्या पट्ट्यांचे केंद्र एकच आणि त्रिज्या समान अंतराने वाढणारी हवी. समजा, प्रत्येकी १० मिलिमीटरचे पाच पट्टे आहेत आणि सर्वांत आतल्या कडेची त्रिज्या २० आहे. तर पुढच्या कडा ३०, ४०, ५०, ६० आणि ७० वर येतील. आतली त्रिज्या शून्याकडे नेली, तर आतला पट्टा वळणावर टोकदार होतो आणि सगळा डौल जातो. आतली त्रिज्या निदान एका पट्ट्याच्या रुंदीएवढी, शक्य तर दुप्पट ठेवावी. कंपासाऐवजी मुक्त वक्राचे पट्टे हवे असतील, तर कोरलमधले ‘कंटूर’ किंवा इलस्ट्रेटरमधले ‘ऑफसेट पाथ’ वापरावे. बेझिए वक्राला समांतर जाणारी रेषा गणिताने नेमका बेझिए वक्र होत नाही, म्हणून प्रोग्राम तिथे बरेच नोड टाकून अंदाजे रेषा काढतो. ते नोड नंतर हाताने कमी करावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला फाटा देता येत नाही.

देवनागरीचे प्रश्न आणखी निराळे आहेत. रोमन लिपीच्या पेनाचे टोक ज्या बाजूने तिरके असते, त्याच्या उलट बाजूने आपण बोरू तासतो. त्यामुळे रोमन ‘ए’चा डावा पाय बारीक आणि उजवा जाड येतो, तर देवनागरीत वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरपी रेघ जाड होते. ‘व’च्या पोटात वरचा डावा खांदा भरीव होतो आणि खालची डावी बाजू बारीक. ॲपमधला तयार कॅलिग्राफी ब्रश सहसा ४५ अंशांवर लावलेला असतो, तो रोमनसाठी. त्याने मराठी लिहिले की जाड-बारीक उलटे पडते आणि अक्षर परके वाटते. तो १३५ अंशांवर फिरवला की अक्षर घरी येते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असल्यामुळे दृष्टिभ्रमाची दुरुस्तीही खालच्याच बाजूला करावी लागते. ‘ठ’, ‘ढ’ यांची गोल बुडे कान्याच्या टोकाच्या एक-दोन टक्के खाली न्यावीत, नाही तर ती आखूड दिसतात. आणि मराठी बोर्डावर मराठी वळणाचीच अक्षरे असावीत, हा माझा आग्रह आहे. शासनाच्या प्रमाणीकरणानेही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे धरली आहेत. ‘ल’च्या दोन पाकळ्या हा तर रेट्रो रेषेला आयता मिळालेला आकार आहे. हिंदी वळणाचा ‘ल’ घेऊन तो टाकून का द्यावा?

सलग रेषेचा अभ्यास करायला परदेशी पोस्टरांआधी मोडी पाहावी, असे मी प्रत्येक होतकरू मुलाला सांगतो. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांची दफ्तरेच्या दफ्तरे आहेत. कागदावर आधी आडवी शिरोरेषा ओढून ठेवायची आणि तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलत लिहीत जायचे, ही मोडीची रीत. वेगाने लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताने अक्षरांतले कोपरे घासून घासून नाहीसे केले. उरले ते हाताला सोपे जाणारे वळसे. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपली सुलेखनाची वाट काढली, ती याच वळशांच्या बळावर. आणि छापील रेट्रोचा आपला खजिना म्हणजे नाटकांच्या जाहिराती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रांतल्या नाट्यजाहिरातींसाठी आयुष्यभर अक्षरे काढली, प्रत्येक नाटकाला त्याच्या प्रकृतीची. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचे पुस्तक डिझाइन शिकणाऱ्याच्या हाताशी असावे. वेलांटी किती लांबवली तर शब्दाला शोभते आणि कुठे थांबवली नाही तर वाचनात अडथळा होतो, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल, असे मला वाटत नाही.

कोल्हापूरला साजेसा एक शब्द घेऊन प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो : ‘मिसळ’. आधी कागदावर, तोही मोठा, निदान वर्तमानपत्राच्या पानाएवढा. जाड मार्कर किंवा सपाट ब्रश घ्यावा, उभे राहावे आणि कोपर-खांद्यातून वीस-पंचवीस वेळा लिहावे. त्यातल्या सर्वांत सलग आलेल्या एका प्रतीचा फोटो काढून संगणकात मागे ठेवावा. ट्रेसची आज्ञा देऊ नये. पेन टूलने ‘म’ आणि ‘स’चे उभे दांडे आधी काढावेत, कारण शब्दाची लय दांड्यांमधल्या अंतरावर बसते. मग ‘ळ’. त्याची दोन पोटे सारखी काढली तर अक्षर झोपते. त्यातले एक किंचित मोठे ठेवावे. एका पोटातून दुसऱ्यात जाताना जिथे कूस बदलते, तिथे एकच नोड, त्याची दोन्ही हँडले एका रेषेत आणि पुरेशी लांब. शेवटी ‘मि’ची वेलांटी. रेट्रोचा सगळा डौल इथेच दाखवता येतो : ती शिरोरेषेच्या वर उंच उठवावी आणि उतरताना पट्ट्यांत फुलवावी. पण तिचे टोक ‘म’च्या दांड्यापाशी शिरोरेषेला टेकलेच पाहिजे. मोह होऊन ती तशीच ‘स’वर नेली, तर वाचणारा क्षणभर थबकतो. तिला पुढे न्यायचेच असेल, तर टेकल्यानंतरचा भाग पातळ आणि वेगळ्या रंगाचा करावा, म्हणजे तो अक्षराचा अवयव न वाटता सजावट वाटेल.

तपासणीसाठी दोन गोष्टी कराव्यात. भरलेला रंग काढून नुसती बाह्यरेषा पाहावी, आणि शब्द आडवा उलटा करावा, आरशात दिसतो तसा. ओळखीचे अक्षर अनोळखी झाले की डोळा अर्थ वाचत नाही, फक्त रेषा पाहतो. अडखळलेली जागा लगेच सापडते. बाबूरावांच्या पडद्यांपुढे दहा पावले मागे जाऊन पाहायला जागा होती, आपल्याकडे पडदा चौदा इंची आहे. म्हणून शब्द अंगठ्याएवढा लहान करूनही पाहावा, आणि मग प्रत्यक्ष मापाचा एक तुकडा छापून भिंतीला लावून रस्त्याच्या पलीकडून पाहावा.

यानंतर फाइल रेडियमवाल्याकडे जाईल. तिथे कटिंगच्या यंत्राचे पाते कडेकडेने धावते, आणि रेषेत जिथे दिशा झटक्याने बदलते तिथे त्याचा वेग कमी होतो. साठ-सत्तर नोडांच्या ‘व’वर ते सारखे अडते, कडेला बारीक दाते राहतात, आणि रेडियम सोलताना नेमके त्या दात्यांपाशी फाटते. मोजक्या नोडांची वेलांटी एका दमात कापून निघते. ती सोलून बोर्डावर चिकटवायला कारागिराला मिनिटही लागत नाही.